कानपिळीचा फेटा

जळलेल्या कडब्याचा वास कुठे आला की मला हटकून एक लग्न आठवतं. पोलीस खात्यात उभी हयात गेली. खून झाले, दरोडे झाले, त्यांतले बरेचसे तपास आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. ही साधी गंजी जळाल्याची केस मात्र पुसली जात नाही. त्यात कुणी मेलं नव्हतं, चोरीला काही गेलं नव्हतं. तरी सांगताना तोंड कडू होतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र बांधून द्वैभाषिक राज्य केलेलं होतं आणि आपलं वेगळं मराठी राज्य पाहिजे म्हणून गावंच्या गावं उठली होती. मी नवा फौजदार. आमच्या ठाण्याची हद्द इंद्रायणीच्या काठापासून चाकणच्या कांदाबाजारापर्यंत. आज तिथे कंपन्यांची कुंपणं आहेत, तेव्हा ज्वारी-बाजरी होती. रोजचं काम म्हणजे सभांचा बंदोबस्त करणं, घोषणा देणाऱ्यांना गाडीत घालून आणणं आणि चहा पाजून संध्याकाळी सोडून देणं. आमच्यातले निम्मे शिपाई मनातून त्यांच्याच बाजूचे होते. मीही होतो. पण अंगावर खाकी होती, त्यामुळे आम्हाला कुणी विचारलं नाही.

हद्दीतल्या एका गावात एक वयस्क शेतकरी होते. सगळे त्यांना आबा म्हणत. बेचाळीसच्या लढ्यात तारा तोडून तुरुंगात गेलेला माणूस. सत्तेवरच्या पक्षाचे ते जुने कार्यकर्ते, आणि पक्ष द्वैभाषिकाच्या बाजूने उभा होता. सगळं गाव चळवळीत गेलं, आबा गेले नाहीत. मग गावाने त्यांना वाळीत टाकलं. न्हावी त्यांच्या दारात येईना, कुंभार मडकं देईना, विहिरीवर बायका त्यांच्या घरच्यांना बघून तोंड फिरवत. नेमकं त्याच उन्हाळ्यात आबांच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. देहूच्या पलीकडचं स्थळ. त्यांनी निरोप धाडला, की मांडवात गाव नसेल तर आम्ही वऱ्हाड आणणार नाही.

अशात एका दुपारी आबांच्या खळ्यावरची कडब्याची गंजी जळाली.

खबर द्यायला गावचा पोलीस पाटील स्वतः ठाण्यात आला. मी त्याला पाणी दिलं. त्याने पाणी पिण्याआधीच सांगून टाकलं, "साहेब, म्हाताऱ्यानंच पेटवली बघा. चळवळीला बदनाम कराया." ज्याला न विचारता नाव सांगायची घाई असते, त्याला ते नाव कुणीतरी शिकवून पाठवलेलं असतं, एवढं मी तोवर शिकलो होतो. स्टेशन डायरीत नोंद केली आणि निघालो. निघता निघता वरिष्ठांचा फोन आला. त्यांनाही घाई होतीच. गावातला चळवळीचा पुढारी आत घ्या, म्हणाले. म्हणजे तपास सुरू व्हायच्या आधीच दोन आरोपी तयार होते, एक गावाचा आणि एक सरकारचा.

हा पुढारी म्हणजे चाकणच्या बाजारात कांद्याची अडत चालवणारा तरतरीत गडी. धोतर पांढरंशुभ्र, बोलणं गोड. मला बघताच हात जोडून म्हणाला, "या साहेब. आमी शांततेनं लढणारी माणसं. काडीला हात लावत न्हाई."

पंचनाम्याला खळ्यावर गेलो. राख अजून गरम होती. आबा बाजूला दगडावर बसले होते. मी विचारलं, कुणावर संशय? म्हणाले, "डोळ्यानं बघितलं न्हाई. मग नाव कसं घेऊ?"

"आबा, तुम्हाला मराठी राज्य नको आहे का?"

म्हातारा भडकला. "नको कसं? मी काय परमुलखातला हाय व्हय? मला बी पाहिजे. पर पक्षाला शब्द दिलाय, आतून भांडीन, भायेर जाऊन शिव्या देनार न्हाई."

म्हणजे ज्या गोष्टीसाठी गावाने या माणसाचं पाणी तोडलं होतं, ती त्यालाही हवीच होती.

राख बघताना माझी नजर शेजारच्या खळ्यावर गेली. तिथे जमिनीवर एक मोठा चौकोन दिसत होता. आतलं गवत पिवळंफटक पडलेलं, बाहेरचं उन्हाने करपलेलं. तिथे नुकतीपर्यंत दुसरी गंजी होती. आणि त्या पिवळ्या गवतावर आबांच्या गंजीची राख उडून बसली होती. म्हणजे शेजाऱ्याने आपला कडबा आगीच्या आधीच हलवला होता. ऐन उन्हाळ्यात, गोठा इथे असताना, कुणी शहाणा शेतकरी पावसाळ्याची वैरण उचलून दुसरीकडे नेत नाही. मी शेजाऱ्याला विचारलं.

"उंदरं झाली व्हती, साहेब."

उंदीर सगळ्या गावात फक्त यांच्याच गंजीत! मी त्याला जबाबासाठी ठाण्यात घेऊन आलो.

त्याला मी बोटही लावलं नाही. मारलेला माणूस मार चुकवण्यापुरतं बोलतो, ते कोर्टात टिकत नाही. बाकावर बसवलं, चहा दिला, आणि माझी कागदपत्रं करत बसलो. तोही ऐसपैस बसला. पण उन्हं कलली तशी त्याची चुळबुळ सुरू झाली. त्याच्याकडे ताजी व्यालेली म्हैस होती आणि ती त्याच्याशिवाय कुणाला धार काढू देत नव्हती, हे माझ्या हवालदाराने मला आधीच सांगितलं होतं.

"साहेब, म्हस तटली असंल."

"उंदरांचं सांग, आणि जा."

त्याने डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर घेतलं आणि बोलायला लागला. गावची बैठक देवळात झाली होती. आबांचा मुलगा तिथे गेला होता, बहिणीच्या लग्नाला या म्हणून हात जोडायला. पुढारी म्हणाला, तू आमचा का बापाचा, हे आधी दिसू दे. बापाची गंजी तू स्वतःच्या हाताने पेटव, मग सगळं गाव मांडवात येईल. "आमाला फकस्त कडबा काढून घे म्हनलं, म्या काढला," शेजारी म्हणाला. जबाबावर अंगठा उठवून तो जवळजवळ पळतच गेला.

मुलगा पंचविशीचा, बापासारखाच उभा-आडवा. त्याने एका शब्दाने नाकारलं नाही. मी त्याला विचारलं, जनावरं पावसाळ्यात काय खाणार याचा तरी विचार केलास का? तर माझ्याकडे बघून म्हणाला, "कडबा फुडच्या साली बी हुईल, साहेब. भनीचं लगीन मोडलं तर ती कुठं जानार?"

मी त्याचं म्हणणं लिहून घेतलं.

मी पुढाऱ्याला अडकवायचा चंग बांधला होता. पण दुसऱ्या दिवशी शेजारी पलटला. देवळातल्या बैठकीला हजर असलेला एकही माणूस तोंड उघडेना. शांततेने लढणारं अख्खं गाव त्या दिवशी म्हणे शेतात होतं. राहिला एकटा मुलगा. मग मी आबांकडे गेलो. मुलाने स्वतः कबूल केलंय हे सांगितलं आणि म्हटलं, संशय नाही असं लिहून द्या, मी कागद मिटवतो. तुमचाच कडबा, तुमचाच मुलगा, सरकारचं काय गेलं?

आबा म्हणाले, "बेचाळीसला तुमच्या फौजदारानं इचारलं, तारा कुनी तोडल्या? मी म्हनलो, मी तोडल्या. माझं खरं सांगितलं, आता पोराचं खोटं कसं सांगू?"

त्यांनी रीतसर फिर्याद दिली. मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. आजही येतो. खरेपणाची एवढी हौस होती, तर ती स्वतःच्या कातड्यावर भागवायची होती. पोराच्या कशाला?

मॅजिस्ट्रेटने जामीन दिला, पण जामीन राहणार कोण? फिर्यादी बापच. पुढारी "उद्या येतो" म्हणाला आणि त्याचा उद्या काही उजाडला नाही. त्यामुळे लग्नाच्या दिवशी नवरीचा भाऊ माझ्या कोठडीत होता.

लग्नाला मी बंदोबस्तासाठी साध्या कपड्यांत गेलो. गाव आलं होतं. शब्द पाळला म्हणायचा! न्हावी होता, कुंभाराची मडकी होती, वाजंत्री तर असे फुंकत होते, जणू मागचं काही झालंच नाही. वऱ्हाड खूश होतं. आबा ज्याला त्याला या बसा करत होते.

मग कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा आणि नवऱ्याकडून मानाचा फेटा घ्यायचा, ही रीत. भटजींनी हाक दिली, "नवरीचा भाऊ कुठाय?" मांडवात कुजबुज झाली. आणि तो पुढारी उठला, धोतर सावरत हसत पुढे आला. "गावची लेक ती आमची भन. मी हाय की."

नवरी खाली मान घालून बसली होती. ती मुंडावळ्या मागे सारून ताठ झाली. अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दादाशिवाय कुनी हात लावायचा न्हाई."

वाजंत्री थांबले. पुढारी हसतच मागे सरकला, असल्या लोकांना हसता नेहमीच येतं. नवरा मुलगा समंजस होता. त्याने केशरी फेटा उचलून आबांच्या हातात दिला. आबा तो धरून उभे राहिले, आणि बेचाळीसला न रडलेला तो माणूस तिथे सगळ्यांसमोर रडला.

दुसऱ्या दिवशी ते फेटा घेऊन ठाण्यात आले. कोठडीत लांब कापड देता येत नाही, कुणी गळफास लावून घेईल म्हणून. आबांना तो नियम माझ्याइतकाच माहीत होता. "सुटला की द्या," म्हणाले. मुलाला भेटले नाहीत. मुलानेही विचारलं नाही. मी फेटा आरोपीच्या सामानात जमा केला.

मुलाने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि काही महिने येरवड्यात काढले. सुटला त्या दिवशी फाटकावर पुढारी हार आणि बँड घेऊन हजर. चळवळीसाठी बापाच्या घरावर लाथ मारणारा वीर, असं भाषणही झालं. जामिनाच्या वेळी न सापडलेली सगळी माणसं मिरवणुकीत सापडली. मुलगा मिरवणुकीतूनच उतरून पिंपरीला गेला. तिथे नव्या कारखान्यात लागला आणि खोली घेऊन राहिला. गावी गेला नाही, फेटा न्यायला ठाण्यात आला नाही. मी शिपाई पाठवला तर सांगितलं, "ज्यानं फिर्याद दिली त्याला द्या." आबांकडे पाठवला तर ते म्हणाले, "मानाचा हाय, त्याचा हाय. त्यानं न्यावा."

पुढे द्वैभाषिक मोडून दोन वेगळी राज्यं करायचं ठरल्याची बातमी आली. त्या संध्याकाळी त्या गावात फटाके वाजले, पुढाऱ्याने पेढे वाटले. मला ठाण्यातही एक पेढा आला, तो मी हवालदाराला दिला. आनंद मलाही झाला होता, पण त्याच्या हातचा पेढा घशाखाली उतरला नसता. लोकांना वेगळं राज्य मागण्याचा हक्क होता आणि त्यांनी ते झगडून मिळवलं. पण मोठ्या मागणीच्या आडोशाने कुणीतरी आपला लहानसा राग काढून घेतो, त्याला कुठलंच कलम लागत नाही. आणि ज्यांच्या घरात काडी पडते, त्यांच्यासाठी दिल्लीत निकाल लागत नाही. या केसने मला शिकवलं ते एवढंच. शिकून उपयोग काही झाला नाही, कारण पुढे नोकरीत असं पुन्हा पुन्हा पाहिलं.

माझी बदली झाली तेव्हा चार्ज देताना जुनं सामान निकालात काढायचं होतं. बापलेक येणार नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून मी मुलीला निरोप पाठवला. ती कडेवर मूल घेऊन आली. घडी उलगडून फेटा बघितला. कसर लागली नव्हती.

"कुणाला देणार?" मी विचारलं.

तिने मूल बाकावर बसवलं. फेट्याच्या मध्यावर दातांनी चीर दिली आणि टरकन दोन तुकडे केले. मी हात पुढे केला, तोवर झालं होतं.

"एक आबाला देते, एक दादाला," ती म्हणाली. "मोठ्या लोकांनी राज्याचं बी असंच मिटवलं न्हाई का?"

"अगं, पण एवढ्यात कुणालाच बांधता येणार नाही."

"न्हाई येनार," तिने दोन्ही तुकड्यांच्या नीट घड्या घातल्या. "पर तू आदी ये, तू आदी ये, असं बी कुनाला म्हनता येनार न्हाई आता."

मूल उचलून ती गेली. सामान परत दिल्याची नोंद मला करायची होती. नग एक असं जमा करताना लिहिलं होतं, तसंच लिहिलं आणि सही केली.