वर्तकनगरच्या समुद्राला नारळ

गेल्या शनिवारी सकाळी अकरा वाजता वर्तकनगरमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, सहाशे लिटर खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक नारळ सोडण्यात आला.

सोडणारा गृहस्थ टाकी बसवायला महिनाभर येत होता. त्याचं नाव मी विचारलं नाही. तो खाडीकाठच्या गावातला, त्याचे आजोबा मिठागरात कामाला होते. दर वेळी तो पाण्यात बोट बुडवून चाखायचा आणि मगच खारटपणाचं मीटर बघायचा.

शनिवारी पहिले दोन मासे आले. त्यांच्या पिशव्या टाकीत तरंगत असताना त्याने बॅगेतून नारळ काढला.

"समुद्रात उतरायच्या आधी नारळ देतात, साहेब."

"अहो, ही टाकी आहे."

"मग एवढं मीठ कशाला टाकलंत?"

बायकोने हळदकुंकू आणलं. "नको ताई, खडकांवरचे प्रवाळ मरतील," म्हणत त्याने नारळ फिल्टरच्या पाण्याने दोनदा धुतला आणि सोडला.

लाटांच्या पंपाने नारळ फिरवून त्याच्याच हाताशी आणला. त्याने तीनदा ढकलला. तो तीनदा परत आला.

"घेत नाहीये," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. "असं झालं तर आमच्याकडे होडी काढत नाहीत."

पिशव्यांमधले मासे आता धापा टाकत होते.

"दादा, जरा वारा पडू द्या की," म्हणत बायकोने पंपाचं बटण बंद केलं.

नारळ कोपऱ्यात जाऊन खडकांमध्ये अडकला. त्याने हात जोडले आणि पिशव्या उघडल्या. दोन्ही मासे थेट नारळाखाली गेले.

नारळ संध्याकाळी काढायचा होता. आज चौथा दिवस आहे. मासे तिथेच आहेत.