काकीसाहेबांच्या वजनाची स्प्रिंग

धारजवळच्या तिरल्याच्या रस्त्यावर तिसरा स्पीड-ब्रेकर गेला आणि आबासाहेबांनी स्टिअरिंगवर थाप मारली.

"बिल्कुल नाही आपटली! बापटसाहेब, मान गए आपको."

मी शेजारच्या सीटवर छाती फुगवून बसलो होतो. देवासच्या एका स्प्रिंग फॅक्टरीत एकतीस वर्षं डिझाइनला काढली. रिटायर झालो तरी कौतुक ऐकायची खोड काही रिटायर झाली नाही.

आबासाहेब धारच्या जुन्या मराठा घराण्यातले, निवृत्त प्राचार्य. त्यांच्या वडिलांनी घेतलेली ही विलायती स्पोर्ट्स कार, फक्त दोन सीटची. दिसायला रेसची, पण मुळात लांबचा प्रवास आरामात व्हावा म्हणून बनवलेली. तक्रार एकच होती. खड्डा आला की मागची बाजू ठाणकन आपटायची.

काम नुसतं हौसेचं नव्हतं. लग्नापासून दर वर्षी नर्मदा जयंतीला आबासाहेब आणि त्यांच्या पत्नी काकीसाहेब याच गाडीतून धरमपुरीला नर्मदेवर जात. दोन वर्षांपूर्वी काकीसाहेबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर त्या गेल्याच नाहीत. एकदा पाहुणे आले, एकदा उपास निघाला.

"तिला कंटाळा आलाय गाडीचा," आबासाहेब मला म्हणाले होते. "यंदाही नाही आली तर विकून टाकतो. इंदूरचा एक जण पाठीच लागलाय. एकट्यानं काय फिरायचं?" हे बोलताना ते रुमालानं गाडीचा आरसा पुसत होते. मला वाईट वाटलं, आणि मी काम हातात घेतलं.

या गाडीला मागे कमानपट्टे आहेत. ट्रकला असतात तेच, फक्त सडपातळ. पट्टा एक इंच दाबायला जेवढं वजन लागतं, तो त्याचा रेट. रेट जास्त म्हणजे स्प्रिंग कडक. गाडी आपटते, म्हणजे स्प्रिंग मऊ पडली, असा मी सरळ हिशेब केला. जास्त रेटचे पट्टे बनवले, बसवले आणि तिरल्याला ट्रायल घेतली. पास!

घरी आल्यावर आबासाहेबांनी काकीसाहेबांना आग्रहानं बसवलं आणि एक फेरी मारून आणलं.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"छान आहे हो. किती मेहनत घेतलीत तुम्ही! आता आधी जेवायला बसा."

त्या घरात पाहुण्याच्या कामाला कोणी नावं ठेवत नाही. पण उतरल्यावर बराच वेळ त्यांनी गाडीचं दार सोडलं नव्हतं. दुसरा हात कमरेवर होता आणि चेहरा पांढराफटक. आबासाहेब गाडी लावायला मागे गेले तशी मी म्हटलं, "काकीसाहेब, मी पाहुणा नाही, मिस्त्री आहे. खरं सांगा."

त्यांनी मागे वळून पाहिलं. "यांना सांगायचं नाही, कबूल? प्रत्येक खड्डा मणक्यात जातो. आधी जात होता, आज त्याहून जास्त गेला."

"कबूल. पण त्यांना सांगत का नाही?"

"सांगितलं तर उद्याच विकतील. वडिलांची एवढी एक वस्तू राहिलीय त्यांच्याजवळ."

ती आली नाही तर विकणार, असं ते म्हणत होते. दुखतंय म्हटलं तर विकतील, म्हणून या येत नव्हत्या. एकमेकांना जपता जपता दोघं मिळून गाडी घालवायच्या बेतात होते.

आणि माझी चूक? ट्रायलला शेजारी मी बसलो होतो. माझं वजन ब्याण्णव किलो. तेवढं ओझं असलं की कडक स्प्रिंगही गुमान दबते. हलक्या माणसाला ती नुसती उडवते. मी जन्मभराची अक्कल खर्चून स्प्रिंग बनवली होती ती स्वतःसाठी.

"काकीसाहेब, तुमचं वजन किती?"

"बायकांना वजन विचारतात होय?" त्या हसल्या. "पंचेचाळीस."

पण स्प्रिंग मऊ केली तर गाडी पुन्हा आपटणार. गाडी देवासला गेंदालाल मिस्त्रीकडे आणली. तो माझ्याच वयाचा, शाळा चौथीपर्यंत. त्यानं टॉर्च घेतली, खाली शिरला आणि दोन मिनिटांत हाक मारली.

"भिया, स्प्रिंग को काय को गाली दे रिये हो? ये गट्टा तो देखो!"

खड्ड्यात चाकांचा एक्सल फार वर आला तर लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून वर रबराचा एक गट्टा असतो. त्याला बंप-स्टॉप म्हणतात. पूर्वी कोणीतरी तिथं ट्रकचा, दुप्पट जाड गट्टा ठोकला होता. एक्सलला हलायला जागाच उरली नव्हती. गाडी आपटत होती ती त्या गट्ट्यावर. स्प्रिंग बिचारी निर्दोष होती. आणि मी? मी गाडीखाली दोनदा जाऊन वहीत लिहिलं होतं, "रबर उत्तम स्थितीत."

पातळ गट्टा लावला. पट्टे पुन्हा बनवले, रेट मूळचाच मऊ, कमान जरा जास्त, म्हणजे एक्सलला हलायला जागा. या ट्रायलला मी बसलो नाही. डाव्या सीटवर पंचेचाळीस किलो गव्हाचं पोतं ठेवलं आणि गेंदालालला चालवायला सांगितलं. पोतं जागचं हललं नाही.

आबासाहेबांना मी एवढंच सांगितलं, की पहिली स्प्रिंग माझी चुकली. ते खरंही होतं. काकीसाहेबांना मात्र पोत्याची ट्रायल सांगितली आणि यंदा एकदा बसून बघा म्हटलं.

नर्मदा जयंतीला दुपारी त्यांचा फोन आला. आवाज इतका हळू की मला वाटलं, काहीतरी बिघडलं.

"बापटसाहेब, धरमपुरी मागे गेली."

"म्हणजे? ब्रेक लागत नाहीत का?"

"तसं नाही हो. हिला घाटाच्या उतारावरच झोप लागली. गाव आलं, पण उठवावंसं वाटेना. तसाच पुढे आलोय. आता झाडाखाली उभा आहे. जागी झाली की मागे फिरतो." थोडं थांबून म्हणाले, "दोन वर्षं मला वाटत होतं, हिला कंटाळा आलाय."

मणक्याची गोष्ट मी पोटातच ठेवली. कबूल केलं होतं ना.

फोन ठेवून वही काढली आणि "रबर उत्तम स्थितीत" खोडलं. खाली लिहिलं: "ट्रायल पूर्ण. पॅसेंजर झोपले. स्प्रिंग पास." एकतीस वर्षं मी लोकांना विचारत आलो, गाडी कशी वाटली. भली माणसं छानच म्हणतात. आता विचारत नाही, उतरताना दार किती वेळ धरून उभी राहतात ते बघतो.