सुट्टी झाली

भिलाईच्या पोलाद कारखान्यातली आमची भट्टी पेटून स्थिरावली, तेव्हा मला पहिली मोठी सुट्टी मंजूर झाली. आमच्या पाळीवरच्या रशियन तज्ज्ञाने दुभाष्यामार्फत विचारले, कुठे जाणार? मी म्हणालो, गावी. हरभरा काढायचा आहे.

"ते तर कामच झाले," तो म्हणाला. "सुट्टीत कुठे?"

आमच्या घराण्यात सुट्टी लग्नाला, मयतीला किंवा पिकाला घेतली जाई. त्याच्या देशात म्हणे कामगार पाण्याकाठी जातो आणि काही करत नाही. मला ते पटले. हरभऱ्याला धाकटा भाऊ पुरेसा होता.

दुर्गच्या पुढे शिवनाथ नदीच्या पात्रात एक लहानसे बेट होते. त्यावर अर्जुनाची झाडे, एक देऊळ आणि एका केवटाचे, म्हणजे नावाड्याचे, घर. त्याने आपली एक झोपडी आम्हा नवराबायकोला राहायला दिली. पहिल्या पहाटे मी सवयीने उठून बसलो.

"निजा न जी," बायको म्हणाली. "इथं कारखान्याचा भोंगा नाही."

पुढे आम्ही खरोखरच काही केले नाही. नदी पाहिली. केवटाने आणून दिलेले मासे खाल्ले. दुपारी झोपलो. दुपारची झोप मला तोवर ठाऊक नव्हती.

एके दिवशी केवटाच्या डोंग्यातून वडील उतरले. धोतर गुडघ्यापर्यंत ओले, काखेत छत्री. वैनगंगेकाठच्या आमच्या गावाहून ते आधी भिलाईला आमच्या क्वार्टरवर गेले होते. शेजाऱ्याने इथला पत्ता सांगितला. मी भरदुपारी खाटेवर आडवा होतो. त्यांनी ते पाहिले. जेवताना म्हणाले,

"चाल घरी. आपलं वावर आहे. उपाशी नाही मरत कोणी."

"कावून, बाबा? काय झालं?"

"लाजू नोको. नोकरी कोणाचीबी जाते. रेल्वेतल्या आपल्या गावच्या पोरानं सांगतलं मले, भिलाईवाल्याची छुट्टी हो गई म्हणून."

आमच्याकडे बाजारात काय, ठेकेदाराकडे काय, छुट्टी होणे म्हणजे कामावरून काढणे. बायको पदर तोंडाला लावून हसली. मी सांगितले, ही पगारी सुट्टी आहे.

"काम नाही अन् पगार? कोणाले शिकवतं?"

त्यांनी परतीच्या डोंग्याचे दुसऱ्या सकाळचे ठरवून टाकले. माझ्यासह.

सांज झाली आणि पूर्वेचे आभाळ एकाएकी लाल झाले. वडील ताडकन उठले.

"अरे, कोणाचं गाव जळून राहिलं!"

"रोज के आय, ददा," केवट जाळे आवरीत म्हणाला. "कारखाना के आगी आय."

मी सांगितले, लोखंडावरचा वितळलेला मळ ओतताहेत. भट्टी माझीच. ती उभारली जात असताना मी तिच्या माथ्यावर दोर बांधीत होतो; आता तिच्या पायाशी कामाला असतो. वडील बराच वेळ तिकडे पाहत राहिले.

"तू इथं, मंग ते चालू कसं?"

"माझ्या जागेवर दुसरा आहे."

"म्हणजे गेलीच न जागा!"

"नाही. जागा माझीच. तो राखणीला आहे. आपण बाजाराला गेलो की शेजारचा आपलं वावर राखते, तसं. मी परत कामावर गेलो की त्याची सुट्टी, अन् त्याची जागा मी राखीन."

राखण हा शब्द त्यांना पोचला. वावर राखायला ठेवलेला माणूस वावराचा मालक होत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

"एवढी मोठी आग," ते म्हणाले, "अन् तुह्यासाठी जागा राखून ठेवते."

 

सकाळी केवट डोंग्याचा दोर सोडून उभा राहिला. वडील माझ्या खाटेवर आडवे होते. छत्री खुंटीला.

"चलबे का, ददा?" त्याने हाक दिली.

"उद्या ये," वडील न उठता म्हणाले. "नाही तं परवा. मीबी सुट्टीवर आहो."