रांगेतला तिसरा

"हाच," शेठ म्हणाला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी चोर नव्हतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. तालुक्याच्या गावी आदिवासी वसतिगृहात राहत होतो. त्या रविवारी सकाळी एक हवालदार वसतिगृहावर आला आणि दारातूनच ओरडला, "चला रे पोरेहोन, सात जण! काही करनं नही शे, नुस्तं रांगमा हुभं ऱ्हानं शे. च्या-भजी भेटी."

रविवारी आम्हाला एकच जेवण असायचं. भज्यांचं नाव ऐकून दहा-बारा जण उठले. हवालदाराने तोंडं बघून निवडली. एक पोरगा जरा उजळ होता, त्याला म्हणाला, "तू नको." बाकीचे चालले. काळे, बारीक, भिल्लाचे. मीही त्यातलाच.

ती ओळख परेड होती. संशयिताला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या माणसांत उभं करायचं आणि साक्षीदाराने त्याला ओळखून काढायचं. शेठच्या कापसाच्या जिनिंगमध्ये चोरी झाली होती. पळणाऱ्या चोराचं तोंड आपण पाहिलं, असं शेठचं म्हणणं. पोलिसांनी वीटभट्टीवरचा एक मजूर धरून आणला होता. सुकलाल त्याचं नाव. आमच्याच जातीचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. त्याचा एक डोळा सुजलेला होता. तो रांगेत सहावा. मी तिसरा.

खुर्चीवर तहसीलदार. कायद्याने तिथे फौजदाराने थांबायचं नसतं. फौजदार तिथेच सिगारेट ओढत उभा होता.

शेठ रांगेवरून एकदा गेला, दुसऱ्यांदा गेला आणि माझ्यापाशी थांबला. "हाच."

फौजदार म्हणाला, "शेठ, परत एकदा नीट बघा."

शेठने हात काढला, रुमालाला पुसला. "अहो साहेब, यांच्यात काय नीट बघायचं? सगळे एकाच भट्टीतल्या विटा. कुठलीही उचला."

तहसीलदार हसला. फौजदार हसला. हवालदार तर पोट धरून हसला.

आणि मी हसलो.

का हसलो? भीतीने हसलो. सुटलो म्हणून हसलो. साहेब लोक हसतात तेव्हा आपणही हसायचं असतं, हे कुणी न शिकवता आम्हाला येतं, म्हणून हसलो. सुकलाल वाकून माझ्याकडे बघत होता. एका डोळ्याने.

मग आमची नावं विचारली आणि एका कागदाच्या खाली सह्या घेतल्या. वरचा भाग कोरा होता. मी झोकात सही केली. इंग्रजीत. नंतर भजी खाल्ली. चांगली होती, तेही सांगून टाकतो.

पुढे सुकलालला पाच वर्षांची शिक्षा झाल्याचं कानावर आलं. मी मनाशी म्हटलं, दुसरा काही पुरावा सापडला असेल. असं म्हटलं की झोप लागते.

मी अभ्यास केला. रगडून केला. स्पर्धा परीक्षा पास झालो आणि पोलीस उपअधीक्षक झालो. गावात मिरवणूक निघाली, आईने माझ्या टोपीवरून भाकरी ओवाळून टाकली. भुसावळ झालं, पाचोरा झालं, जळगाव झालं. दंगली आवरल्या, दरोडे उघडकीला आणले. पण खरं सांगू? माझी अर्धी नोकरी हसण्यावर झाली. साहेबांच्या पार्टीत कुणी म्हणायचं, "यांना काय, कोट्यातून आलेत." मी हसायचो. कुणा पुढाऱ्याच्या बंगल्यावर, "साहेब, तुम्ही त्यांच्यातले वाटतच नाही हो." मी हसायचो. तो म्हणे कौतुक करत होता! आपल्याकडे म्हणतात, हसतील त्यांचे दात दिसतील. माझे इतकी वर्षं दिसत होते.

नव्वदीच्या दशकात खानदेशातच अपर अधीक्षक झालो आणि तपासणीसाठी त्याच तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेलो. मुदत संपलेले कागद जाळायचे असतात. त्यांची यादी माझ्या सहीसाठी ठेवलेली. गठ्ठे शेजारी बांधून तयार. कागदपत्रं सांभाळणारा रायटर हवालदार म्हणाला, "सर, सगळी रद्दी शे. सही करा नि मोकळे व्हा."

यादीत जिनिंगच्या चोरीचा गुन्हा होता. मी गठ्ठा सोडायला लावला.

ओळख परेडचा पंचनामा पिवळा पडला होता. त्यात लिहिलं होतं, "साक्षीदाराने रांगेतील तिसऱ्या इसमाच्या खांद्यास हात लावून त्यास ओळखले." अगदी खरं. पण तिसऱ्या इसमाचं नाव लिहिलं होतं, सुकलाल. आणि सहाव्या जागी माझं नाव. खाली माझी सही. इंग्रजीत, झोकात.

शेठने मला ओळखलं होतं. पाच वर्षं सुकलालने काढली.

मी यादीवर सही केली नाही. गठ्ठा माझ्या ताब्यात घेतला आणि घरी येऊन स्वतःचा जबाब स्वतःच टाइप केला. रांगेत तिसरा मी होतो, पंचनामा खोटा आहे, माझी सही कोऱ्या कागदावर घेतली होती. तो घेऊन वरच्या साहेबांकडे गेलो. तेव्हा माझं नाव बढतीच्या यादीत होतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

त्यांनी वाचलं. चष्मा काढला. "कशाला गाडलेले मुडदे उकरता? तो माणूस कधीच सुटून आलाय." मग त्यांना गंमत सुचली. "म्हणजे तुम्हीसुद्धा त्या रांगेत होता? नशीब, तेव्हाच कुणी आत टाकलं नाही!"

ते हसले आणि माझ्या हसण्याची वाट बघत थांबले.

मी हसलो नाही. गालापर्यंत आलं होतं, सवयच तशी. दात आवळून धरले. पंखा फिरत होता, साहेबांचं हसू हळूहळू उतरत होतं आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदा.

"सर, जबाब दाखल करून घ्या," मी म्हणालो. "पोच द्या."

पोच मिळाली. महिन्याभरात बदलीही मिळाली, जिथे टेबल असतं आणि काम नसतं अशा जागी. बढतीच्या यादीतून नाव गेलं. फौजदार मेला होता, तहसीलदार पेन्शन खात होता, शेठच्या जिनिंगला नवा मजला चढला होता. चौकशी सुरू आहे असं उत्तर यायचं.

जबाबाची प्रत घेऊन मी सुकलालच्या पाड्यावर गेलो. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं तो रडेल, हात जोडेल. तो ओट्यावर बसून दोरी वळत होता. केस पांढरे झालेले. मी नाव सांगण्याआधीच म्हणाला, "वळखं तुले. साहेब व्हयना का?"

मी त्याला जबाब वाचून दाखवला. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "आनि तू हासना व्हता, ते?"

मी जबाब उलटून बघितला.

"त्या साहेब लोक बठ्ठा हासनात, त्यान्हं माले काही नही. त्या हासतीनच. पन तू हासना." दोरीचा पीळ त्याने पुन्हा हातात घेतला. "ते लिख."

ते मी लिहिलं नव्हतं. तहसीलदाराचं लिहिलं, फौजदाराचं लिहिलं, शेठचं तर शब्दन् शब्द लिहिलं. स्वतःचं तेवढं गाळलं होतं. पोलीस असाच पंचनामा करतात. मी त्याच ओट्यावर बसलो आणि पेनाने खाली लिहिलं, "तेव्हा मीही हसलो." सही केली. मराठीत. सुकलालने अक्षरं लागत नसतानाही कागद बराच वेळ बघितला, मग परत दिला. बस म्हणाला नाही, पाणी विचारलं नाही. त्याचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी तेच वाक्य लिहून पुरवणी जबाब मी वर पाठवला. त्याचीही पोच घेतली. चौकशी ते करोत न करोत, दर तीन महिन्यांनी मी स्मरणपत्र पाठवतो आणि त्याची सुरुवात त्याच वाक्याने करतो. त्यांनी तो कागद जाळला, तर दुसरा लिहीन. आणि माझ्यासमोर कुणी आमच्या माणसावर विनोद केला, तर मी त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहीन, त्याचे दात मिटेपर्यंत.