ठोकळ्यांची म्हैस

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही कोल्हापुरात कॉम्प्युटर शिकत होतो. शेवटच्या परीक्षेला स्वतः केलेला प्रोजेक्ट द्यायचा होता. माझ्या शेजारी बसणारी, जवळच्या गडमुडशिंगी गावची मैत्रीण गेम करत होती, पण तिनं घेतलेलं सॉफ्टवेअर नवशिक्यांचं होतं. माउसनं तयार ठोकळे ओढायचे, एकमेकांना जोडायचे, की खेळ सुरू. कोड लिहायचाच नाही. वर्गातले कोडबहाद्दर तिच्या मशीनला 'बालवाडी' म्हणायचे. त्यांच्या स्वतःच्या गेममधल्या गाड्या भिंतीतून आरपार जायच्या, ते सोडा. मला अजून राग येतो त्यांचा.

सरांनी तर बजावलंच, "कोड नाही तर प्रोजेक्ट नाही. नापास करीन." आणि नापास झाली तर शिक्षण बंद, हे तिच्या घरून आधीच सांगून झालं होतं.

ती म्हणाली, "सर, भाकरी गॅसवर केली काय नि चुलीवर केली काय, भाकरीच की."

"चुलीवरचीच गोड लागते."

"मग खाऊन तरी बघा की!"

परीक्षेदिवशी सर नाइलाजानं तिच्या मशीनसमोर बसले. गेम होता पाडव्याच्या म्हशींचा. दिवाळीत आमच्याकडं म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. मालक मोटरसायकलवर पुढं आणि म्हैस त्याच्या मागं पळत. सरांनी गाडी सुसाट सोडली. म्हैस गर्दीत उभीच. मागं जाऊन ढकलली, तर खाली बसली. पोरं फिदीफिदी हसायला लागली.

"बिघडलंय तुझं," सर वैतागले.

"न्हाय बिघडलं. तुम्ही मागं वळून बघतच न्हाय की, सर. थांबा जरा. हाक मारा."

सर थांबले. हाकेचं बटण दाबलं. म्हशीनं मान वर केली, गर्दीतून वाट काढत आली आणि गाडीला नाक घासत उभी राहिली. काय पोरगी होती! एवढी माया आमच्या कुणाच्याच कोडात नव्हती.

सरांनी हाकेचं बटण पुन्हा एकदा दाबून बघितलं. वर्गात कायम पुस्तकी बोलणारा तो माणूस हळूच म्हणाला, "आमची म्हस इकल्यापासनं वडील पाडव्याला घराभाईर पडत न्हाईत. सीडीवर घालून देशील हे?"

"देतो की, सर," ती म्हणाली. "पर त्यात कोड न्हाय हां."

सरांनी तिच्या नावापुढं 'पास' लिहिलं आणि सही केली.

"वडलास्नी कुठं कोड बघायचाय?"