खडूची फुली

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तिला सगळे कात्रीबाई म्हणत. तीस वर्षं ती कापड बेतत आणि कापत आली होती. कापायचं टेबल मालकाच्या ठेंगण्या वडिलांच्या मापाचं आणि कात्रीबाई चांगली उंच. टेबलाच्या पायांखाली चार बोटं लाकूड घाला, हे ती पहिल्या वर्षापासून सांगत होती आणि मालक दर वर्षी "बघू" म्हणत होता. त्या "बघू"नेच तिची कंबर खाल्ली.

दुखायला लागून अकरा वर्षं झाली. एका डॉक्टरने वजन कमी करा म्हटलं, दुसऱ्याने वय झालं म्हटलं. तेव्हा ती पंचेचाळिशीची होती. तिसऱ्याने टेन्शन घेऊ नका सांगून गोळी लिहून दिली. दुखतं ते उजवीकडे, अगदी खाली, असं ती दर वेळी बोट ठेवून दाखवायची. त्या बोटाकडे कुणी बघेल तर शपथ. सगळे एमआरआयची फिल्म बघत. फिल्ममध्ये मणक्यातली चकती डावीकडे सरकलेली, म्हणून मागच्या खेपेला इंजेक्शन डावीकडे. चार दिवस डावी बाजू बधिर आणि उजवी आपली ठणकतेच आहे.

"तुम्हाला लागू पडलं नाही," डॉक्टर म्हणाले. म्हणजे यातही दोष हिचाच.

आता दुसरी खेप होती. यानंतरही टेबलापाशी उभं राहता आलं नाही तर बटणं लावायला बसा, असं मालकाने सांगून टाकलं होतं. तीस वर्षं कात्री चालवलेल्या बाईने बटणं लावायची. म्हणून सकाळी निघण्याआधी तिने धाकट्या जावेकडून दुखऱ्या जागी शिवणाच्या खडूने फुली मारून घेतली.

"ताई, हसतील हो ते."

"हसू देत. हसताना तरी बघतील."

दवाखान्यात तिला पालथं झोपवलं. "मावशी, हलायचं नाही हं," म्हणत नर्सने तपकिरी औषधाचा बोळा पाठभर फिरवला. फुली गेली. कात्रीबाईला स्वतःचाच राग आला. खडू पुसला जातो, कापण्याआधी दोऱ्याचा टाका घाला, हे नव्या मुलींना तीच तर घोकून सांगायची.

"डॉक्टर, माझी खूण गेली," ती उशीतूनच म्हणाली.

"कसली खूण?"

"दुखतं तिथली."

"आजी, फिल्म आहे आमच्याकडे."

"आजी म्हणू नका. आणि सुई थांबवा." ती कोपरांवर उठली. "आमच्या नव्या मुली माणूस समोर उभं असताना कागद बघून कापतात आणि दोन डाव्या बाह्या करून ठेवतात. मागच्या वेळी तुम्ही तेच केलंत. आधी हात लावून बघा."

"बाहेर सहा पेशंट थांबलेत."

"मग लवकर बघा."

नर्सला नेमका तेव्हाच खोकला आला. डॉक्टरांनी अंगठ्याने दाबायला सुरुवात केली. डावीकडे काही नाही. मधे काही नाही. "खाली या. अजून. आता उजवीकडे." अंगठा टेकला आणि तिने उशी दातांत धरली.

डॉक्टरांनी तिथेच पुन्हा दाबून पाहिलं. "हा मणका नाहीच. खाली कण्याला कमरेचं हाड जुळतं, तो सांधा आहे."

"नाव तुमच्याकडेच ठेवा. जागा चुकवू नका."

या खेपेला फुली डॉक्टरांनी मारली, न पुसणाऱ्या पेनाने. नर्सने पाठ पुन्हा पुसली, मशीनच्या पडद्यावर बघत सुई आत गेली. वीस मिनिटांनी कात्रीबाई उभी राहिली. आधी एका पायावर भार दिला, मग दुसऱ्यावर. काही नाही. अकरा वर्षं घरात ठाण मांडून बसलेला पाहुणा न सांगता उठून गेल्यासारखं.

"काही महिने तरी आराम पडावा," डॉक्टर खुशीत म्हणाले. "पण तुम्ही हे आधीच सांगायचं होतंत."

ती पदर खोचता खोचता थांबली. "अकरा वर्षं सांगतेय. फाइलमध्ये बघा, लिहिलंय का कुठे."

त्यांनी पानं उलटली. फिल्मचं वर्णन पानभर. तिच्या बोलण्याचे दोनच शब्द: जुनी कंबरदुखी.

"आता लिहा. माझ्यासमोर."

त्यांनी लिहिलं. तिने फाइल लांब धरून वाचून घेतली: उजवीकडे, पेशंटने बोटाने दाखवलेली जागा.

पाचव्या दिवशी ती कामावर आली ती पिशवीत चार लाकडी ठोकळे घेऊनच. इस्त्रीवाल्याला हाताशी घेऊन तिने टेबल उचललं. आवाज ऐकून मालक आला.

"हे काय चाललंय?"

"बघू म्हणत होतात ना," कात्रीबाई शेवटचा ठोकळा पायाने आत सरकवत म्हणाली. "बघा."