उजवीकडून उघडणारं पुस्तक

आमची प्रार्थनेची जागा म्हणजे वसईत एका इमारतीच्या तळमजल्यावरचे दोन गाळे, मधली भिंत पाडून एक केलेले. बाहेरून पाहणाऱ्याला दवाखाना वाटायचा. आम्ही मुली तिला सिनेगॉग म्हणायचो. मावशी मात्र कोकणातल्या आम्हा ज्यूंच्या, बेने इस्रायलींच्या, जुन्या सवयीनं 'मशीद'च म्हणायच्या. आत पडद्यामागे बायकांच्या खुर्च्या होत्या आणि मावशींच्या डावीकडची खुर्ची माझी होती.

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हत्या, त्या सगळ्यांच्याच मावशी. त्यांना हिब्रू येत नसे. त्यांच्याकडे आईचं जुनं प्रार्थनेचं पुस्तक होतं, उजव्या पानावर हिब्रू, डाव्या पानावर त्याचं मराठी. पडद्यापलीकडे पुरुष भराभर म्हणत पुढे जायचे. ते कुठं पोचलेत हे ऐकून मी हिब्रू ओळीवर बोट ठेवायचे आणि मावशी शेजारचं मराठी वाचायच्या. बोलावं लागत नसे. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या मला तेवढी एकच जागा होती जिथं माझी कुणी वाट बघायचं.

मग मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. "आता तूच वाच गो मोठ्यानं," त्या म्हणाल्या. हिब्रू मला रविवारच्या वर्गात छान आलं होतं. मराठी जोडाक्षरांपाशी मात्र मी थांबायचे. मागच्या रांगेतून कुणीतरी हसून म्हणालं, "इंग्लिश मिडियम ना! देवालासुद्धा ताटकळत ठेवेल." पुढच्या ओळी मी मनातच वाचल्या.

त्याच सुमारास अलिबागकडून एक कुटुंब वसईत राहायला आलं. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. वडिलांना वालीवला डायऱ्या बनवायच्या कारखान्यात नोकरी. ती पहिल्याच शब्बाथला, शनिवारच्या प्रार्थनेला, मावशींच्या उजवीकडे बसली, पुस्तक मांडीवर घेतलं आणि वाचू लागली. हिब्रूचं एक अक्षर तिला येत नव्हतं, ओळ मीच मावशींपलीकडे हात लांबवून दाखवायचे, पण मराठी अशी वाचायची की मागच्या बायकांच्या कुजबुजी थांबायच्या. 'परमेश्वरा' म्हणताना ती जरा थांबे, जणू त्यानं वळून बघावं म्हणून. मावशींनी डोळ्यांना पदर लावला. माझ्यासाठी त्यांनी कधी पदर लावला नव्हता. तिचे दात किंचित पुढे होते आणि मी त्यांच्याकडेच बघत बसायचे. त्यातल्या त्यात बरं वाटायचं.

पुढं मावशींचं इस्रायलला मुलाकडे कायमचं जायचं ठरलं. "पुस्तक इथंच ठेवून जाणार," त्या म्हणाल्या. "तिकडे सगळं हिब्रू. मराठी वाचायला कोण आहे?" कुणाला देणार ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. पण ते मला हवं होतं. पिवळ्या पानांवर जिथं माझं बोट टेकायचं, तिथं कागद थोडा काळवंडला होता. तेवढा डाग तरी माझा होता.

पुस्तकाची शिवण सुटली होती. "मावशी, बाबांकडून बांधून आणते, जाताना छान दिसेल," असं म्हणत ती मुलगी ते घेऊन गेली. हे मला का सुचलं नाही?

मावशींच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी तिनं ते आणलं. मरून रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. मावशींनी कौतुकानं हात फिरवून कव्हर उघडलं, आणि शेजारची बाई ओरडलीच, "अगो, ही तर मयताची प्रार्थना! प्रवासाच्या तोंडावर!"

तिच्या बाबांनी ज्याच्याकडे दिलं, त्या कारखान्यातल्या माणसानं डायरी बांधावी तसं ते बांधलं होतं. हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडतं हे त्याला कोण सांगणार? सोनेरी अक्षरं पुस्तकाच्या शेवटाकडच्या पुठ्ठ्यावर पडली होती आणि ते उघडताच शेवटची पानं पुढं येत होती. त्या मुलीचा चेहरा उतरला. मला आतून इतकं गार गार वाटलं की मी मान खाली घातली.

मावशींनी पुस्तकाला ओठ लावले. "बरंच झालं की," त्या म्हणाल्या. "या वयात हीच पानं आधी लागतात. शोधायला नकोत." बायका हसल्या. मावशींनी पुस्तक त्या मुलीच्या हातात दिलं. "तूच ठेव. वाचत जा."

मग माझ्याकडे वळून त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "तुला काय गो, तुला हिब्रू येतं. तुला पुस्तकं पुष्कळ मिळतील."

मी "हो मावशी" म्हणाले. शब्बाथच्या आशीर्वादानंतर वाटतात ते काळ्या मनुकांचं सरबत त्या दिवशी मला कडू लागलं.

पुढच्या शब्बाथला मावशींची खुर्ची रिकामी होती. तिच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. मागच्या म्हाताऱ्या ऐकायला सरसावून बसल्या होत्या. पडद्यापलीकडे पठण सुरू झालं. ती पानं पुढं करी, मागं करी. वाचता येत होतं, पण कुठं वाचायचं ते तिला कळत नव्हतं. शेवटी ती मधल्या खुर्चीवर सरकली आणि हळूच म्हणाली, "कुठं आलेत ते?"

मला ठाऊक होतं. तीन ओळी मागं गेल्या तरी मी ऐकतच राहिले. मग पान उलटलं आणि त्या काळवंडलेल्या जागी बोट ठेवलं. ती लगेच वाचू लागली, मोठ्यानं, सुंदर. मागं कुणीतरी नाक ओढलं.

बोट माझं होतं. पुस्तक तिच्या मांडीवर होतं.